पाचपैकी पाच

कोणी मानणार नाही, पण त्या वर्षी राज्यातल्या एकाही फोनवर आवाज तुटत नव्हता. तुटलाच, तर यंत्रणा बोलणाऱ्याच्याच आवाजात पुढचे शब्द भरायची, आणि तेही इतके बेमालूम, की आवाजाची प्रत तपासणाऱ्या दिगंबर तायडेच्या मोजणी यंत्रावर प्रत्येक कॉलला पाचपैकी पाच गुण पडत.

पुरात धामणगव्हाणचा टॉवर वाहून गेला, त्याला तीन दिवस झाले होते. तरी त्या गावची माणसं फोनवर बोलतच होती आणि सगळं खुशाल असल्याचं सांगत होती. म्हणून मदतीच्या बोटी दुसरीकडे गेल्या.

अकोल्याच्या तपासणी कक्षात वच्छला इंगळे धामणगव्हाणात राहणाऱ्या आईला फोन लावून बसली होती. फोनला तायडेचं यंत्र जोडलेलं होतं.

"ताई, आकडा बघा," तायडे म्हणाला. "पाच! इतकं स्वच्छ तर माझी बायको समोर बसूनही बोलत नाही."

"तुमचा आकडा ठेवा तिकडं, भाऊ. मले मायचं ऐकू द्या." ती फोनवर वाकली. "माय, पानी कुठवर आलं वं?"

"ओसरलं, बाई." आवाज आईचाच होता, तसाच घोगरा. "तू काळजी नको करू. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही, एवढंच."

वच्छलाने फोन कानापासून दूर धरला. तायडे अजून आकड्याकडे बघून हसत होता.

"खोटं बोलून राह्यला हा फोन!" ती ओरडली. "माह्या मायनं जल्मात डोळा म्हटलं नाही, भाऊ. ती डोया म्हणते, काळजीले कायजी म्हणते. ही माय नोहे! बोट पाठवाले सांगा!"