मोरीच्या तोंडातला मुरूम

“सरपंचबाई, रस्त्याखालची मोरी कुणी बुजवली, सांगता का?”

मी हे विचारणारच नाही, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. पंधरा ऑगस्टची ग्रामसभा भरली होती. पत्र्यावर पाऊस नुसता कोसळत होता. काल शाळेतून येताना मोरी तुंबून रस्त्यावर आलेल्या पाण्यात माझ्या वर्गातल्या तरन्नुमची धाकटी बहीण वाहून चालली होती. आम्ही वेणीला धरून तिला ओढली. आज तर पाणी कालच्यापेक्षा वर होतं.

सरपंचबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. उत्तरं नेहमी तेच देतात.

“पावसानं बुजली गं. दिवाळीनंतर बघू,” ते हसत म्हणाले.

“मोरीच्या तोंडात मुरूम पावसानं टाकला व्हय? हाटेलापुढं गाड्या लावायला?”

मग त्यांचं हसू गेलं.

घरी ताटं वाढलेली होती. मी बसलेच नाही.

“पप्पा, उद्या पहिली एसटी यायच्या आत आम्ही सगळ्या पोरी आपल्या हाटेलापुढचा मुरूम उपसणार. आणि आई, सरपंच तू आहेस. पहिलं घमेलं तू उचलायचं.”