उंच धरलेली तार

शिराळ्याचा रेडिओ मेकॅनिक कृष्णात माळावर उभ्या केलेल्या पिकअपमध्ये घाईनं रेडिओ बसवत होता. खाली गावात नुसती खरखर यायची आणि इथं वीज नव्हती, म्हणून गाडीच्या बॅटरीवर. एकाहत्तरची लढाई थांबली होती. पाचला पाकिस्तान रेडिओ कैदेतल्या जवानांची नावं वाचणार होता. जवळ उभ्या राहीबाईचा फौजी नवरा बेपत्ता होता, तसाच शेजारच्या बनुबाईचा पोरगाही. "वैनी, नाव काय त्यांचं?" "आवं, धन्याचं नाव कसं घिऊ? मीच ऐकते." तिनं रेडिओला कान लावला. कृष्णात टपावर चढून एरियलची तार उंच धरून उभा राहिला. हात खाली आला की आवाज जायचा. खांदे भरून आले, बोटं बधिर झाली, तरी खालून हूं की चूं नाही. विचारायचं तरी कसं? तेवढ्यात राहीबाई ओरडली, "सयाजी! सयाजी माने!" कृष्णातचा हात नकळत खाली आला. "तार धरा! आजून बनुबाईचा पोरगा ऱ्हायलाय!"