लांबून आलेली

"पोर कुणावर गेलीया?" घरमालकीण रंभाबाईंनी दारातूनच विचारलं.

जान्हवीनं नजर खिडकीकडे वळवली. बाहेर धुकं इतकं दाट होतं, की नांदे गावाच्या शेतात उभ्या क्रेनचं नुसतं टोक तरंगताना दिसत होतं. मांडीवरची जुईली त्याकडे टक लावून बघत होती. काल संध्याकाळपासून तिचं हेच चाललं होतं. कुणीही उचललं तरी रडायची नाही, आणि कुणाला धरायचीही नाही.

खोटं बोलायचं नाही, हे नवरा-बायकोनं ठरवलं होतं. पण घरमालकीणबाईंनी लेकराला परकं म्हटलं तर?

निरंजन मदतीला धावला, तो नेमका ग्रीक घेऊन. हा आयटीतला माणूस दर रविवारी ऑनलाइन प्राचीन ग्रीक शिकायचा. कुणाला कशाचं वेड असेल, सांगता येत नाही.

"मावशी, ग्रीकमध्ये एक जोडशब्द आहे, टेलुगेटोस. लेकराचं विशेषण. त्यातलं 'टेले' म्हणजे लांब. पुढचं बहुतेक, जन्मलेलं."

"बहुतेक म्हंजी?"

"नक्की कुणालाच माहीत नाही. फार जुना वाद आहे. पण म्हणतात तो लाडक्या लेकराला."

रंभाबाईंना काही उलगडलं नाही. शेवटी जान्हवीच बोलली.

"मावशी, दत्तक घेतलंय आम्ही हिला. गडचिरोलीहून आणलं."

"कवा?"

"काल."

"आन् तशीच घरात घेतली?"

रंभाबाई तडक जिना उतरून गेल्या.

"उगाच ग्रीक काढलं मी," निरंजन पुटपुटला. दुसरी खोली कुठं मिळेल, याचा जान्हवी विचार करू लागली होती.

तेवढ्यात रंभाबाई परत आल्या. एका हातात भाकरीचा तुकडा, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या.

"ऊठ पोरी. हिला घे आन् उंबऱ्याभाईर हो. येवढ्या लांबनं आलेलं लेकरू, भाकरतुकडा न ववाळता आत घेत्यात व्हय?"

जान्हवी बाहेर जाऊन उभी राहिली. रंभाबाईंनी तुकडा ओवाळून धुक्यात भिरकावला आणि इवल्या पायांवर पाणी ओतलं.

गार पाण्यानं जुईली दचकली. तिनं दोन्ही हातांनी जान्हवीच्या गळ्याला घट्ट मिठी मारली आणि भोकाड पसरलं.

"झालं गं बाय माजी, झालं. ये आता घरात," रंभाबाई दारातून बाजूला होत म्हणाल्या.

जान्हवीला मात्र उंबरा ओलांडवेना. आत गेलं की ती मिठी सुटेल, असं तिला वाटत होतं.