घट्ट बिजागऱ्या

लेक शाळेतून थेट आईच्या प्रयोगशाळेत आली, तर काय, एक उंदीर मांजराच्या पिंजऱ्याला टेकून खुशाल घोरत पडलेला!

"आई, ह्याला मरायची घाई झालीय का?"

"अगं, भीतीचा निरोप मेंदूतल्या पेशीच्या दारावर येतो. ह्या फवाऱ्यातलं न्यूरोपेप्टाइड नावाचं रसायन त्या दाराच्या बिजागऱ्या घट्ट करतं. मग निरोप बसतो ठोठावत, दार काही उघडत नाही." आईने फवाऱ्याची नळी स्वतःच्या तोंडासमोर धरून दाबली. "मेला सकाळपासून तुंबतोय. दहादा असाच तपासला."

थोडे तुषार लेकीच्याही नाकात गेले. दोघी खिदळल्या.

आई म्हणजे अशी भित्री, की चौथ्या मजल्यावरच्या ह्या प्रयोगशाळेत कायम खिडकीकडे पाठ करून बसायची. पण लेक हात धुऊन परत आली, तेव्हा आई उघड्या खिडकीत पाय बाहेर सोडून बसली होती.

"ये गं, वारा बघ कसला सुटलाय! उगाच घाबरले इतकी वर्षं."

लेकीच्या आत कुठेतरी कुणीतरी जीव खाऊन दार ठोठावत होतं. तिने शांतपणे दप्तर खाली ठेवलं आणि ती म्हणाली, "सरक ना थोडी."