बैठकीबाहेर

जालन्यात शहाण्णव साली मी मानसिक रुग्णांची गुरुवारची बैठक सुरू केली. नियम एकच होता: इथलं बोलणं बाहेर सांगायचं असेल, तर बोलणाऱ्याचा होकार हवा.

केदारखेड्याची झुंबरबाई एकदा म्हणाली, "शेतातली हीर मला नाव घेऊन बोलावती. पण घरी सांगू नका ताई. मागं कळलं तवा महिनाभर खाटंला बांधून ठेवल्तं."

तिच्या होकारानं मी डॉक्टरांना कळवलं, त्यांनी गोळ्या वाढवल्या. तिचा नवरा धर्मराज दर गुरुवारी तिला एसटीनं आणायचा आणि बाहेर लिंबाखाली बसायचा. निघताना विचारायचा, "ताई, आत काय बोलून राह्यली ही? मला तर एक शबुद सांगत न्हाई."

"त्यांची हरकत नसेल तरच सांगता येईल."

"बराबर हाय. मंग इचारा तिलाच."

झुंबरबाई नकारार्थी मान हलवायची.

पोळ्यानंतरच्या आठवड्यात ती विहिरीत सापडली.

दोन महिन्यांनी धर्मराज एकटाच आला. या वेळी तो लिंबाखाली थांबला नाही. आत येऊन सगळ्यांबरोबर सतरंजीवर बसला. नव्या माणसाला विचारतो तसं मी विचारलं, "काय त्रास होतो?"

"झुंबरीचा आवाज येतो. बैलं सोडायच्या टायमाला, रोज."

"काय म्हणतात त्या?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं.

"म्हणती, ताईला इचारा. आता माझी हरकत न्हाई."