अडीच तास पुढं

"त्या कॅमेऱ्याला हात लावू नकोस हं, चोर पकडलाय त्यानं!" झुंबरशेठ खालून ओरडले.

शिडीवरचा ललित हसला. पंधरा दिवसांपूर्वी त्यानंच तो कॅमेरा स्टोअरच्या दारावर लावला होता. सातपूरच्या त्या पितळी नळांच्या कारखान्यात रेकॉर्डर एका कंपनीचा आणि कॅमेरा भलत्याच कंपनीचा. आधीच्या दोन कारागिरांनी हात टेकले होते. ललितनं अर्ध्या तासात दोघांचं लग्न लावून दिलं. आज शेठनी खूश होऊन दुसऱ्या कॅमेऱ्यासाठी बोलावलं होतं, वर पेढेही आणून ठेवले होते. माणसाला आणखी काय हवं!

"ये, बघ तर खरं तुझी करामत." शेठनी त्याला पडद्यासमोर बसवलं आणि हातात पेढा दिला.

पडद्यावर झाडलोट करणारी नवसाबाई स्टोअरमधून बाहेर येत होती. पदराखाली काहीतरी धरलेलं. कोपऱ्यात वेळ दिसत होती, तीन बत्तीस.

"परवा अडीचला सुपरवायझरनं आपला मोबाइल आत चार्जिंगला लावला. चारला बघतो तर गायब! मी सकाळपासूनचं सगळं पळवत पळवत बघितलं. मधल्या वेळात आत गेली कोण? तर ही बया. म्हणते, शेठ, त्यो माझा डबा हाय. साडेतीनला कसला गं डबा? सगळ्यांसमोर पिशवी झाडायला लावली आणि तिथल्या तिथं घरी पाठवली."

"मोबाइल सापडला?"

"छे! कुठं लपवला देव जाणे."

ललितनं पेढा तोंडात टाकला आणि पुन्हा पडद्याकडे पाहिलं. नवसाबाईच्या मागं दोन कामगार मांडी घालून बसले होते. एकाच्या हातात भाकरी होती. मशीनं बंद होती. जेवायची सुट्टी! आणि इथं जेवायची सुट्टी एकला होते.

त्यानं चित्रण तिथंच थांबवलं.

रेकॉर्डर आणि कॅमेरा एकाच कंपनीचे असले की रेकॉर्डर कॅमेऱ्याचं घड्याळ आपणहून लावून देतो. परक्या कंपनीचा असला की ते हातानं लावावं लागतं. ललितनं ते लावलंच नव्हतं. कॅमेरा आला तो चीनची वेळ घेऊन, अडीच तास पुढची. पंधरा दिवस तो तसाच चालला होता. नवसाबाई स्टोअरमधून बाहेर आली तेव्हा एक वाजून दोन मिनिटं झाली होती, आणि मोबाइल अजून सुपरवायझरच्या खिशात होता.

त्याला कॅमेरा लावला तो दिवस आठवला. शिडी धरायला नवसाबाईच उभी होती. पडद्यावर चित्र आलं तशी ती कौतुकानं पुढं आली नि म्हणाली, "भाऊ, आत्ता कुठं जेवायची सुट्टी झालीय. ह्यात साडेतीन कसं?"

"चालतंय, मावशी," तो म्हणाला होता. त्याला इंदिरानगरला दुसऱ्या कामावर पोचायचं होतं. त्याचं सगळं नेहमी चालतंयच असायचं.

ललितचे कान तापले. आणि लाज वाटत असतानाच त्याच्या मनात त्याहून हलकी गोष्ट आली. त्यानं मुकाट्यानं सेटिंग उघडलं आणि घड्याळ मागं घेतलं. झालं. दहा दिवसांनी जुनं चित्रण पुसलं जाणार होतं. कोणाला काय कळणार होतं!

शेठनी दुसरा पेढा उचलला. "पण बाई भारी चिवट हं. म्हणे, ह्या टीव्हीतलं घड्याळच पुढं हाय. म्हणून तर मी तुला फोन केला होता."

फोन आला होता खरा. चुलतभावाच्या हळदीत डीजे ढणाणत होता. शेठ विचारत होते, घड्याळ बरोबर आहे ना रे? आणि ललित ओरडून म्हणाला होता, "शेठ, काम ललितचं आहे. डोळे झाकून विश्वास ठेवा!"

"ठेवला," शेठ आता म्हणाले. "तुझ्या शब्दावर काढली तिला."

ललितला वर बघवेना.

"शेठ, बाई खरं बोलत होती," तो म्हणाला. "घड्याळ पुढंच होतं. मी लावलं नव्हतं."

शेठना आधी ती चेष्टाच वाटली. मग ललितनं त्या दिवसाचं चित्रण पुढं पळवलं आणि सहा वाजून दहा मिनिटांवर थांबवलं. "अरे, सहाला तर कुलूप असतं," शेठ पुटपुटले. पण पडद्यावर सगळी मशीनं चालू होती. माल न्यायला आलेला टेम्पोवाला इकडंतिकडं बघत स्टोअरमध्ये शिरला आणि खिशात काहीतरी कोंबत बाहेर आला. त्याच्यामागं लांब, अंगणाच्या टोकाला, नवसाबाई झाडत होती.

शेठ मटकन खुर्चीत बसले. मग त्यांनी नंबर लावला आणि मोबाइल ललितच्या हातात दिला. "तूच बोल. मला तोंड नाही."

"मावशी, मी ललित. कॅमेरावाला. चूक माझी होती. घड्याळ पुढं होतं."

"ते मला म्हाईत होतं की," नवसाबाई म्हणाली.

"शेठ बोलावताहेत. उद्यापासून या कामावर."

"नाय भाऊ. समद्यांम्होरं पिशवी झाडली माझी. आता त्या दारात पाय नाय टाकायची. पर घड्याळ नीट लावलं का आता?"

"लावलं, मावशी."

"मंग चालतंय. माझ्या जागी जी बाई येईल, तिच्यावर तरी नको यायला."