तीन जबड्यांचा चक

चौथा बोल्ट निघाला आणि चक धपकन लाकडी फळीवर बसला. श्रीधरनं हात पुसले. नऊ वर्षं तो हे काम टाळत आला होता आणि आज टाळायला सबब उरली नव्हती.

देवास गेटमागचं हे वर्कशॉप तात्यांचं, म्हणजे त्याच्या वडिलांचं. आता त्याच्या पुतणीला, अपर्णाला, तिथं एसटीडी-पीसीओ काढायचा होता. काचेची केबिन, पिवळी पाटी, सगळं ठरलं होतं. जागा अडवून बसला होता तो एकटा जुना लेथ, लोखंड फिरवून कातायचं यंत्र. गिऱ्हाईक बघून गेलं आणि म्हणालं, "भाईसाब, चक घूमेगा तो मशीन है, नहीं तो कबाड़."

चक म्हणजे लेथचा पंजा. बाजूच्या भोकात चावी घालून फिरवली, की तीन पोलादी जबडे एकदम सरकतात आणि लोखंड धरून ठेवतात. हा पंजा नऊ वर्षांपूर्वी अर्धवट मिटला तो तसाच राहिला.

खंडेनवमीची पूजा होऊन दोनच दिवस झाले होते तेव्हा. भैरवगढच्या एका रंगाऱ्याचा रूळ चकात बांधला होता. चावी फिरवली श्रीधरनं, मशीन सुरू केलं त्याच्या थोरल्या भावानं, यज्ञेश्वरदादानं. रूळ सुटला आणि दादाच्या छातीत बसला. दवाखाना गाठेपर्यंतही तो राहिला नाही.

चावी पुरती फिरवली होती का? श्रीधरला आठवे ते एवढंच, की ती हाताला घट्ट लागली होती. मग रूळ सुटला कसा? तेव्हापासून नळ बंद केला तरी तो परत जाऊन बघे. कुलूप तीनतीनदा ओढे. लग्नाचं नाव काढू दिलं नाही. आपल्या हातानं भाऊ गेला, हे त्यानं मनाशी धरून ठेवलं होतं.

शोभावहिनींनी मात्र त्याला कधी एका शब्दानं बोल लावला नाही. उलट तव्यावरची पहिली पोळी त्याच्या ताटात पडे. त्यांचा तो चांगुलपणा त्याला सोसवत नसे. स्वतः त्या पार आटून गेल्या होत्या. कुणाच्या लग्नाला गेल्या तरी अक्षता टाकायला हात उचलत नसत, देवालाही नुसतं फूल वाहत. दादाबरोबर सगळंच सोडलं बिचारीनं, असं श्रीधरला वाटे.

चक उघडायचं नाव काढलं, की त्यांचं ठरलेलं उत्तर असे. आज सकाळीही त्या म्हणाल्याच, "राहू द्या ना भाऊजी. जसं आहे तसंच देऊन टाका."

"आई, काकांना करू दे ना," अपर्णा म्हणाली. "तो माणूस संध्याकाळी येऊन राहिला."

श्रीधरनं घासलेट ओतलं. लाकडी हातोड्यानं पहिला जबडा ठोकून बघितला, मग दुसरा, मग तिसरा. एकही काही केल्या हलेना. शेवटी त्यानं मागची तबकडी उघडली. आत चकलीसारखी गोल गोल खाच होती. तिच्यातच जबड्यांचे दाते चालतात. तिसऱ्या जबड्यापाशी ती खाच काळ्या, दगडासारख्या लगद्यानं भरली होती.

लोखंडाचा कीस असणार, असं त्याला वाटलं. पेचकसानं टोकरल्यावर लगद्याचा तुकडा पडला आणि त्यातून एक दाणा सुटला. मग आणखी दोन. त्यानं ते घासलेटात चोळले. तांदूळ. अजून लालसर.

श्रीधर स्टुलावर बसला.

यंत्राला गंध आणि फूल, दाणा कधीच नाही, हा तात्यांचा नियम. पण त्या वर्षी तात्या नव्हते. दोघे भाऊ रूळ आणायला भैरवगढला गेले होते, मुहूर्त टळत होता, म्हणून ताट घेऊन शोभावहिनी पहिल्यांदाच वर्कशॉपात आल्या. त्यांना नियम कुणी सांगितला नव्हता. दुसऱ्या दिवशी श्रीधरनं चकावरची फुलं काढली, नमस्कार केला. आत गेलेलं कोण बघतो? चावी घट्ट लागली ती या दाण्यांवर. मशीन फिरल्यावर दाणे भरडले गेले आणि पकड सुटली.

माझा हात नव्हता. त्याच्या डोळ्यांना धार लागली. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्याला मोकळा श्वास आला.

मग कुणाचा, हे लगेच पुढे उभं राहिलं आणि तो श्वास तिथंच अडकला.

नाही, हे वहिनींच्या कानावर जाता कामा नये. नवऱ्याच्या यंत्रावर भक्तीनं वाहिलेले चार दाणे त्यांना जगू देणार नाहीत. आपल्याला तर ओझ्याची सवय झाली आहे. त्यानं सगळे दाणे वेचून चिंधीत बांधले आणि खिशात घातले. उद्या रामघाटावर जाऊन क्षिप्रेत सोडले, की संपलं. मग त्यानं खाच घासली, तेल दिलं, जबडे नंबरानं बसवले. चावी लोण्यासारखी फिरली.

शोभावहिनी चहा घेऊन आल्या तेव्हा चक परत लेथवर चढला होता.

"निघाला?"

"निघाला. नुसता कीस अडकला होता." त्यानं त्यांच्याकडे बघायचं टाळलं. "चावी मीच कमी फिरवली होती, वहिनी. आज नक्की झालं."

त्यांनी कप लेथवर ठेवला. मग चकाच्या फटीवरून बोट फिरवलं.

"आणि माझ्या अक्षता?" त्यांनी विचारलं.